नवऱ्यासाठी पहिली काइट: १२ घ्यावी की १४? (तो ९२ किलो, मी ५८)

भरती_ओहोटी:

मंडळी, जरा सल्ला हवाय. मी स्वतः बरीच वर्षं काइटसर्फिंग करतेय, माझ्याकडे ७ आणि ९ चौरस मीटरच्या अशा दोन काइट आहेत आणि माझं त्यात मस्त भागतं. आता नवऱ्यालाही नाद लागलाय. शाळेत जाऊन रीतसर धडे घेतलेत, बॉडी ड्रॅग (बोर्डशिवाय काइटने पाण्यातून ओढत जाणं) व्यवस्थित जमतं, पाण्यात पडलेली काइट स्वतः उठवतो, सेल्फ रेस्क्यू (काही बिघडलं तर स्वतःच किनारा गाठणं) शिकून झालंय, बोर्डवर उभा राहून दोन्ही बाजूंना थोडा थोडा जातो, पण अपविंड (वारा येतो त्या बाजूला चढत जाणं) अजून येत नाही त्यामुळे दर फेरीनंतर बोर्ड काखेत मारून किनाऱ्यावरून चालत परत. इन्स्ट्रक्टर म्हणाला आता स्वतःची काइट बघायला हरकत नाही.

तर घोडं अडलंय साइजवर. माझी ९ त्याला दिली तर चांगला वारा असूनही बिचारा पाण्यात बसून राहतो, अर्धा उठतो आणि परत बुडतो. मी आजवर फक्त माझ्या वजनापुरता विचार केलाय, त्यामुळे ९२ किलोच्या आणि त्यातून नवशिक्या माणसाला काय द्यायचं याचा मला खरंच अंदाज नाही. आम्ही जातो तिथे बहुतेक वेळा १४ ते २० नॉट वेगाचा वारा असतो, बराचसा एकसारखा, फार गस्टी नाही, पाणी सपाट ते थोडं चॉपी. मी १२ म्हणतेय, तो १४ म्हणतोय (मोठं ते चांगलं असा सरळ हिशोब).

शिवाय त्याचं म्हणणं, तुझंच मॉडेल मोठ्या साइजमध्ये घेऊ म्हणजे एकच बार (काइट चालवायचा दांडा, दोऱ्यांसकट) दोघांना चालेल. पण माझी काइट उड्यांसाठीची आहे, पाच स्ट्रटवाली (स्ट्रट म्हणजे पुढच्या कडेपासून मागे जाणाऱ्या हवा भरलेल्या नळ्या), लांब आणि अरुंद. नवशिक्याला ती द्यावी का? आणि नवी घ्यावी की वापरलेली? जी येईल ती हलक्या वाऱ्यात मलाही वापरता आली तर दुधात साखर, पण ती मुख्य अट नाही.

खारावारा:

आधी एक गोष्ट बरी वाटली ती म्हणजे तुम्ही त्याला स्वतः शिकवायला घेतलं नाहीत. नवरा-बायकोने एकमेकांना काइट शिकवण्याचे प्रयोग मी किनाऱ्यावर पुष्कळ बघितलेत, वारा राहतो बाजूला आणि "मी सांगत होते ना बार सोड म्हणून" यावरच दिवस संपतो. गंमत सोडा पण मुद्दा खरा आहे, घाबरलेला माणूस अनोळखी इन्स्ट्रक्टरचं ऐकतो, घरच्याशी वाद घालतो, आणि काइट हातात असताना वाद घालायला वेळ नसतो.

आता साइज. ढोबळ हिशोब असा की वजन किलोमध्ये घ्या, त्याला २.२ ने गुणा आणि वाऱ्याच्या नॉटने भागा, येईल तो आकडा चौरस मीटरमध्ये काइटची साइज. ट्विन टिप म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच चालणारा नेहमीचा बोर्ड धरून आहे हा हिशोब, पाण्याखाली पंख असलेल्या फॉइलबोर्डला लागू नाही. तुमचं बघा, ५८ ला १४ नॉटला साधारण ९ येते आणि १८-१९ नॉटला ७ च्या आसपास. म्हणजे तुमच्या दोन्ही काइट तुमच्या जागेला चपखल बसतात. त्याचं काढा: १४ नॉटला साडेचौदा, १७ नॉटला १२, २० नॉटला १०. तुमची ९ त्याला नीट ओढायला २२ नॉटच्या वर वारा लागेल, आणि तेवढ्या वाऱ्यात नवशिक्याने जाऊच नये. तो पाण्यात बसून राहतो यात त्याचा काही दोष नाही, त्याला तेवढं सांगा बरं वाटेल.

म्हणजे आकड्यांनुसार १२ ही तुमच्या वाऱ्याच्या बरोबर मध्यावर येते आणि १४ खालच्या टोकाला. मी १२ च म्हणेन, आणि त्याचं कारण वरच्या टोकाला आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १४ चा वारा २० झाला तर आकडा दीडपटही होत नाही पण तीच काइट दुप्पट ओढते. अनुभवी माणूस बार बाहेर ढकलतो, ट्रिम (जोर कमी-जास्त करायचा पट्टा) ओढतो, बोर्डची कड दाबून तो जोर खाऊन टाकतो. नवशिका काय करतो? घाबरला की बार छातीशी घट्ट धरतो. सगळेच करतात. काहीतरी धरून ठेवावं ही माणसाची उपजत खोड आहे आणि काइटमध्ये नेमकी तीच उलटी पडते, कारण बार जवळ ओढला की जोर वाढतो. १४ ची काइट, २० नॉट, आणि बार छातीशी, हे मला बघायचं नाहीये.

बाकी तुमचं मॉडेल त्याला नको. सविस्तर कुणीतरी लिहीलच, मला आत्ता निघायचंय.

दोर_सैल:

खारावारांशी थोडा असहमत. मी स्वतः ९५ च्या आसपास आहे त्यामुळे जड माणसाची बाजू मांडतो, हलक्या लोकांना हे कळत नाही :)

ते सूत्र ठीक आहे पण ते चालवता येणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याला येतं तो काइट वर-खाली हलवत जोर काढतो, एकदा वेग आला की त्या वेगानेच काइटला जास्त वारा मिळतो आणि गाडी सुटते. नवशिका काइट एका जागी धरून उभा, त्याला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे कागदावर १२ ला १७ नॉट पुरत असला तरी प्रत्यक्षात १५ नॉटच्या दिवशी १२ घेऊन तो उठेल, चार मीटर जाईल आणि बसेल. अपविंड तर विसराच. अपविंड जायला सतत, थोडा जास्तीचा जोर लागतो, तरच बोर्डची कड दाबायला काहीतरी समोरून ओढणारं असतं. कमी जोरात माणूस बोर्ड सपाट ठेवतो आणि सरळ खाली वाहत जातो. जड लोकांचा अर्धा सीझन यातच जातो आणि मग ते सोडून देतात, मी असे दोघं-तिघं ओळखतो.

म्हणून १४. आणि १८ च्या वर वारा गेला की बाहेर बसायचं, तुम्हाला चहा-बिहा करून द्यायचा.

निवांत:

दोघांचंही बरोबर आहे पण दोघांनीही बोर्ड विचारला नाही. बोर्ड कुठला आहे त्याच्याकडे?

कारण तुम्ही त्याला तुमचा १३४-१३५ चा बोर्ड दिला असेल तर १४ काय १६ ची काइट दिली तरी तो बुडणार. पाण्यावर उचलून धरायचं काम काइट आणि बोर्ड दोघं मिळून करतात. ९२ किलोच्या शिकणाऱ्याला १४५ ते १५० लांब आणि ४४-४५ सेंमी रुंद बोर्ड द्या, फारसा रॉकर नसलेला म्हणजे तळ जवळजवळ सपाट असलेला. असा बोर्ड कमी वेगातच पाण्यावर येतो आणि वेग कमी झाला तरी लगेच बुडत नाही. अपविंडलाही फार मदत होते. याने १२ ची काइट सहज दोनेक नॉट कमी वाऱ्यातही चालते, म्हणजे दोर_सैल म्हणतायत ती अडचण बरीचशी सुटते, आणि वरच्या टोकाला खारावारांचा धोकाही येत नाही. मोठा बोर्ड चुकला तर फार तर तोंडावर पाणी उडतं. मोठी काइट चुकली तर माणूस उडतो.

माझं मत: १२ आणि मोठा बोर्ड. १४ नंतर कधीतरी, त्याला खरंच लागली तर.

दोर_सैल:

@निवांत, मान्य. मोठ्या बोर्डाबरोबर १२ ला माझी हरकत नाही. पण १४ नॉटच्या दिवशी तरी तो किनाऱ्यावरच असणार हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर "काइट बरोबर घेतली नाही" हे तुम्हाला ऐकावं लागेल.

भरती_ओहोटी:

बोर्ड माझाच होता, १३६ चा!! हे डोक्यातच आलं नव्हतं. आता कळलं बिचाऱ्याचं काय होत होतं ते.

अजून एक. काल नवऱ्याच्या मित्राने त्याची जुनी काइट फुकट द्यायची तयारी दाखवलीय. १४ ची, सी-काइट, किती जुनी ते त्यालाही नक्की आठवत नाही पण "फार वापरली नाही, माळ्यावरच होती" असं म्हणतो. बारसकट. नवरा एकदम खूश. मी नाही म्हणायच्या आधी म्हटलं इथे विचारावं, म्हणजे नाही म्हणणारी मी एकटीच नको.

खारावारा:

नाही. नाही. नाही. घ्या, तीन वेळा झालं, त्याला दाखवा.

सी-काइट म्हणजे समोरून बघितली तर इंग्रजी सी सारखी खोल वाकलेली, आणि तिचा पुढचा दोर थेट कोपऱ्यांना. बार पूर्ण सोडला तरी ती थोडीफार ओढतच राहते, कारण तिचा कोन बारने फारसा बदलत नाही. आजही काही लोक मुद्दाम वापरतात, अनहुक करून (बार कमरेच्या हुकातून सोडवून) फ्रीस्टाइल कसरती करायला, पण त्यांना काय करायचंय ते माहीत असतं. थोडा इतिहास सांगतो कारण तो इथे कामाचा आहे: हवा भरायच्या काइटचं पेटंट ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये घेतलं, पण ज्यामुळे हा खेळ साध्या माणसाच्या आवाक्यात आला ती बो-काइट, तीही ब्रुनोचीच, बाजारात आली २००५ च्या सुमारास. लीडिंग एजला (हवा भरलेल्या पुढच्या कडेला) ब्रायडल म्हणजे दोऱ्यांचं जाळं, मागची कड आत वळलेली, आणि बार सोडला की जोर जवळजवळ शून्य. त्यानंतर सगळ्याच कंपन्या त्या दिशेने गेल्या, आज जे डेल्टा, हायब्रिड म्हणून मिळतं ती सगळी त्याचीच पिलावळ. माळ्यावरची काइट त्याच्या आधीची असेल तर ती नवशिक्यासाठी नव्हेच, आणि नंतरची असली तरी सी-काइट ती सी-काइट.

आणि काइटपेक्षा मला बारची जास्त भीती वाटते. आजच्या बारचं क्विक रिलीज (अडचणीत काइटची ओढ सोडवायची कळ) एका धक्क्यात, एका हाताने, पूर्ण वजन लटकत असताना सुटतं, आणि सुटलं की काइट एकाच पुढच्या लाइनवर लोंबकळते, जोर जातो आणि ती पाण्यावर निपचित पडते. याचं आंतरराष्ट्रीय मानक सुद्धा आहे, आयएसओ २१८५३, २०२० साली आलं. जुन्या बारमध्ये काय वाट्टेल ते सापडतं, वाळू अडकून घट्ट बसलेलं रिलीज, किंवा सोडल्यावरही जोर पुरता न जाणारी लीशची (काइटला अंगाशी जोडून ठेवणाऱ्या दोरीची) पद्धत. मित्राला सांगा छान आहे, बागेत सावली करायला घेऊ.

ठिगळ:

सावली करायला पण नको, माळ्यावरच्या उन्हाळ्याने कापडाचा जीव गेला असेल, पहिल्या वाऱ्यात टर्रकन फाटेल.

मी काइट दुरुस्त करतो (नाव बघा), त्यामुळे वापरलेली घ्यायची की नवी यावर बोलतो. शिकणाऱ्याला वापरलेलीच घ्या, दोन ते चार वर्षं जुनी, चांगल्या स्थितीतली. तो ती आपटणार आहे. काइट पूर्ण वेगात नाकावर पाण्यात आपटली की आतल्या हवेचा दाब एकदम वाढून लीडिंग एजची शिवण उसवते किंवा ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) फुटतो, नवी असो की जुनी. नव्या काइटला हे झालं की माणूस रडतो, जुनीला झालं की माझ्याकडे आणतो.

बघताना एवढं बघा. कापड हातात घेऊन चुरगाळा, कुरकुर आवाज आला, जरा ताठ लागलं तर उन्हाने खाल्लेलं नाही, आणि जुन्या धुतलेल्या सुती चादरीसारखं मऊ पडलं असेल तर कितीही रंग उजळ दिसो, नको. मग उजेडासमोर धरून बारीक भोकं बघा, विशेषतः स्ट्रटच्या बाजूने आणि मागच्या कडेला, कारण मागची कड वाऱ्यात फडफडून तिथलं शिवण आणि कापड आधी जातं. कापडावरचं एखादं ठिगळ नीट लावलेलं असेल तर मला चालतं, पण लीडिंग एजच्या मुख्य शिवणीवर दुरुस्ती असेल तर ती कोणी केली ते विचारा आणि उत्तर गोलमोल आलं तर निघा.

मग पंप करा, पूर्ण कडक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लीडिंग एजमधून स्ट्रटकडे जाणाऱ्या नळ्यांच्या क्लिप्स बंद करा आणि तीन-चार तास तशीच ठेवा, शक्य असेल तर रात्रभर. क्लिप्स उघड्या ठेवल्या तर हवा कुठून जातेय तेच कळत नाही, सगळीच मऊ पडते. बंद ठेवल्या की जो स्ट्रट बसला तो चोर. विकणारा म्हणाला "अहो पंप करून दाखवतो ना" आणि पाच मिनिटात परत हवा सोडायला लागला तर समजून जा. व्हॉल्व्हच्या बुडाशी बोट फिरवून बघा, गरम गाडीत राहिलेल्या काइटचा तिथला गोंद सुटलेला असतो. छोटी गळती म्हणजे काइट टाकाऊ नाही, ब्लॅडर बदलता येतो, पण मग किंमत त्या हिशोबाने ठरवा.

ब्रायडलमध्ये कप्प्या असतील तर त्यातून जाणारी दोरी सरकवून बघा, तिथेच ती झिजते. कोपऱ्यावरच्या छोट्या दोऱ्या घासलेल्या असल्या तरी काळजी नको, त्या बदलायला काही लागत नाही.

बारच्या लाइन्स मात्र मोजा. चारही लाइनची टोकं एका खांबाला अडकवायची, ट्रिम पूर्ण सोडायचा, बार पूर्ण आत घ्यायचा आणि ओढून धरायचा. बार सरळ राहिला पाहिजे आणि चारही लाइन्सना सारखा ताण पाहिजे. पुढच्या लाइन्स सगळा भार घेतात त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच ताणून लांब होतात, म्हणजे मागच्या तुलनेने आखूड पडतात, आणि मग काइट मागे मागे जाऊन पडते. नवशिक्याला वाटतं आपल्यालाच येत नाही, आणि खरा घोळ असतो दहा सेंटिमीटरचा. मागच्या लाइन्सच्या गाठी बदलून हे बहुतेक वेळा निस्तरता येतं.

अर्धवट_सर्फर:

प्रकाराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. (नाव अर्धवट असलं तरी काइट बऱ्याच बदलून बघितल्यात.)

तुमची पाच स्ट्रटवाली लांब अरुंद काइट उड्यांना झकास, कारण ती विंड विंडोच्या (वाऱ्यात काइट जिथवर फिरू शकते त्या भागाच्या) कडेपर्यंत पुढे जाते आणि वर तरंगत राहते. हेच नवशिक्याला नडतं. लाइन जरा सैल पडली, तो काइटच्या दिशेने दोन पावलं वाहत गेला, की ती डोक्यावरून पुढे निघून जाते आणि दगडासारखी खाली येते. आणि नवशिक्याच्या लाइन्स तर दर मिनिटाला सैल पडतात. त्याला हवी बुटकी, रुंद, म्हणजे कमी किंवा मध्यम अस्पेक्ट रेशोची (लांबी-रुंदीच्या प्रमाणाची), साधारण पाचच्या आसपास किंवा खाली, तीन स्ट्रटची, टोकं मागे ओढलेली डेल्टाकडे झुकणारी. अशी काइट पाण्यात पडली तर मागची एकच लाइन ओढली की स्वतःच कुशीवर वळते, कडेला सरकते आणि उठते. पाच स्ट्रटची तिथे जड पडते, हलका वारा असेल तर विशेष. जी उठत नाही त्या काइटने पोहणं तेवढं शिकायला मिळतं.

एक स्ट्रटच्या काइटही सुचवतील लोक, फार हलक्या, कमी वाऱ्यात मजा, पण वारा वाढला की कापड फडफडायला लागतं आणि तुम्हाला २० पर्यंत हवीय, म्हणून तीन. फॉइल काइट म्हणजे हवा न भरता चालणाऱ्या, त्यांच्याकडे आत्ता बघूच नका, पाण्यात नीट पडली नाही तर दोऱ्या सोडवण्यात दिवस जाईल.

नावं हवी असतील तर ओझोनची कॅटलिस्ट खास या टप्प्यासाठीच काढलेली आहे. ड्युओटोन इव्हो, स्लिंगशॉट रॅली, एअरश युनियन या पण सगळ्या कामाला येणाऱ्या, आणि शिकून झाल्यावरही वर्ष-दोन वर्षं पुरतात. वापरलेली शोधताना एक घोळ होतो तो सांगून ठेवतो: २०१८ पर्यंत इव्हो "नॉर्थ" नावाने विकली जायची, मग तीच मंडळी ड्युओटोन झाली, आणि आता नॉर्थ नावाने मिळतात त्या काइट वेगळ्या लोकांनी वेगळ्या आखलेल्या आहेत. त्यामुळे जाहिरातीत नुसतं "नॉर्थ" दिसलं तर साल विचारा.

ब्रँडवर फार डोकं घालवू नका मात्र. बरोबर साइजची साधारण काइट ही चुकीच्या साइजच्या उत्तम काइटपेक्षा केव्हाही बरी, आणि साइज तर वर ठरलीच आहे.

निवांत:

+१. आणि हार्नेस (काइटची ओढ अंगावर घेणारा पट्टा, ज्याच्या हुकात बार अडकतो) विसरू नका, शाळेतला होता तो परत केला असेल. शिकताना काइट सारखी डोक्यावर धरली जाते, तेव्हा कमरेचा हार्नेस बरगड्यांपर्यंत चढतो आणि श्वास कोंडतो. पोट थोडं असेल (विचारत नाहीये!) तर जास्तच. सीट हार्नेस दिसायला डायपरसारखा पण चढत नाही. दोन्ही घालून बघू दे त्याला, लटकून बघायचं नुसतं घालून नाही. हेल्मेट आणि इम्पॅक्ट वेस्ट वेगळं सांगायला नको.

भरती_ओहोटी:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी समोरासमोर पण सांगत नाही. धागा जसाच्या तसा नवऱ्याला वाचायला दिला. माळ्यावरची काइट माळ्यावर परत गेली, तीन वेळा नाही वाचून तो हसला आणि विषय संपला. डायपरवर मात्र अजून चर्चा चालू आहे.

तर आता एक १२ बघितलीय, तीन वर्षं जुनी, तीन स्ट्रट, कॅटलिस्टच आहे. कापड कुरकुरतंय. ठिगळ यांनी सांगितल्याप्रमाणे क्लिप्स बंद करून दुपारभर ठेवायला लावली, विकणाऱ्याने जरा तोंड वाकडं केलं पण ठेवली, मधला स्ट्रट किंचित मऊ पडला, बाकी टणक. त्यावर किंमत थोडी कमी झाली. बार वेगळा घ्यावा लागेल असं दिसतंय कारण तो स्वतःचा बार ठेवून घेतोय. माझा बार (दुसऱ्या कंपनीचा, ४५ सेंमीचा) चालेल का तिला? आणि मी ती काइट किती वाऱ्यात घेऊ?

ठिगळ:

मधला स्ट्रट किंचित म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह किंवा टाचणीएवढं भोक. ब्लॅडर बाहेर काढून साबणाच्या पाण्यात बुडवा, बुडबुडा दिसला की पॅच. घेऊन टाका.

खारावारा:

तुमचा बार त्याला देऊ नका, वेगळाच घ्या. एक तर दोघांनाही एकाच वेळी पाण्यात जायचं असणार हे आज नाही तर दोन महिन्यांनी कळेलच. दुसरं, १२ च्या काइटला ४५ चा बार आखूड पडतो, वळायला आळशी होते, ५० च्या आसपासचा बरा. तिसरं, सगळ्या कंपन्यांच्या पुढच्या लाइन्स एकाच उंचीवर दोन होत नाहीत. काहींचा व्ही खाली असतो काहींचा वर, आणि काही काइट याबाबतीत भारी नखरेल असतात. अनुभवी माणूस जुळवून घेतो पण नवशिक्याच्या बाबतीत तेवढी एक शंका कमी असलेली बरी, म्हणून त्याच कंपनीचा, २०२० नंतरचा बार शोधा. काइट वापरलेली चालेल, बार जमलं तर नवा.

तुमच्यासाठी: ५८ ला १२ म्हणजे साडेदहा-अकरा नॉट. १३ च्या वर तुमची ९ आहेच, त्यामुळे तिच्या वाटेला जाऊ नका. ९ बंद पडते तेव्हा १२ काढायची, तुम्हाला ती फार संथ वाटेल, उड्यांची अपेक्षा ठेवू नका. एक बघा, तुमचे हात त्याच्यापेक्षा आखूड असतील तर पूर्ण डीपॉवरला (जोर घालवायला बार पूर्ण दूर ढकलला की) बार हाताबाहेर जातो. बारवर वरच्या बाजूला एक स्टॉपर असतो तो खाली घेऊन ठेवा, तुम्ही वापरणार असाल तेव्हा. आणि त्याला देताना परत वर. हे विसरू नका, त्याला पूर्ण डीपॉवर मिळालाच पाहिजे.

दोर_सैल:

सुरुवातीला एकाच वेळी दोघं पाण्यात नको हे पण जोडतो. तो पाण्यात तेव्हा तुम्ही किनाऱ्यावर. काइट उतरवायला माणूस लागतो आणि वारा वाढला तर ओरडून सांगायलाही. नंतर दोघं गेलात की अपविंडचा माणूस काइट वर आणि डाउनविंडचा खाली हे त्याला पाठ असेलच, तरी तुम्ही त्याच्यापासून चांगल्या दोन-तीन लाइन्सच्या लांबीएवढं अंतर ठेवा, कारण त्याची काइट कुठे जाणार हे त्यालाही माहीत नसतं. आणि किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा वारा असला तर काइट बॅगेतच. पण हे तुम्हाला काय सांगायचं.

भरती_ओहोटी:

काइट घेतली. भोक सापडलं, पॅच लावला, रात्रभर टणक. बोर्ड १४८ × ४५ चा मिळाला. बार नवा, त्याच कंपनीचा. त्याच्या लाइन्सना शेवटी दोन-दोन मीटरचे जोड आहेत, म्हणजे २२ किंवा २० अशी कुठलीही लांबी ठेवता येते. आता कुठल्या लांबीवर सुरुवात करू दे?

निवांत:

वारा बघून. १६-१७ ला २२ ठेवा, त्याला ती ओढ लागेल. १९-२० कडे जात असेल तर जोड काढून २० करा, लाइन आखूड झाली की काइट कमी जागेत फिरते आणि ओढ कमी होते, चुकीचं वळण घेतलं तरी झटका लहान बसतो. फक्त चारही काढले ना ते मोजा, एक राहिला तर काइट वर जाताच गोल फिरायला लागेल.